ज्याच्या घरचं कापड, त्याच्याच घरची वाकळ

गौरी-गणपती झाले की आमच्या कोल्हापुरात घरोघरी एकच विषय असतो, नवरात्राचं धुणं. घट बसायच्या आत घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुवून झालं पाहिजे. लहानपणी आम्ही पंचगंगेच्या घाटावर जायचो, हातगाडीवर वाकळांचा, म्हणजे गोधड्यांचा ढीग, वर भाकरीचं गाठोडं, आणि दिवसभर दगडावर आपटायचा धप्प धप्प आवाज. संध्याकाळपर्यंत घाटाच्या पायऱ्यांवर सगळ्या पेठेचे रंग वाळत पडलेले असायचे. आता बरेच जण गच्चीवरच उरकतात, आम्हीपण. पण ओली वाकळ पिळायला दोन माणसं लागतात ते काही बदललेलं नाही, एका टोकाला मी आणि दुसऱ्या टोकाला मुलगा, आणि सासूबाई खुर्चीत बसून "उलटं पिळालायसा, उलटं" म्हणून सांगत असतात.

तर गेल्या आठवड्यात अशीच पिळताना एक जुनी वाकळ कोपऱ्यात फाटली, चांगली वीतभर. मी म्हटलं आता ही पुसायला घेऊ. सासूबाईंनी ती मांडीवर ओढून घेतली आणि फाटक्या जागेत बोट घालून एकेक थर उलगडून दाखवायला लागल्या. सगळ्यात वर निळं इरकल, त्याची लाल किनार अजून घट्ट. त्याखाली हिरव्या फुलाफुलाचं पातळ, ते त्यांच्या जावेचं. मग खाकी तुकडा, तो आमच्या दिरांच्या शाळेच्या चड्डीचा, मग मामंजींचं धोतर, इतकं विरलेलं की पलीकडचं बोट दिसत होतं. आणि सगळ्यात खाली जाड पांढरट मांजरपाट. "हे मिलचं कापड," म्हणाल्या. त्यांचे वडील शाहू मिलमध्ये होते, शाहू महाराजांनी 1906 ला सुरू केलेली ती मिल, भोंगा बंद होऊन जमाना झाला, पण सासूबाई अजून कुठलंही जाड पांढरं कापड दिसलं की त्याला मिलचं कापडच म्हणतात.

मी ती वाकळ पुसायला घेतली नाही हे सांगायला नकोच. वरनं अजून एक पातळ घालून परत टाके मारायला बसलोय दोघी. वाकळ अशीच वाढत जाते, विरली की वरनं एक थर, परत विरली की अजून एक. आमच्या घरातली एक तर इतकी जड झालीय की थंडीत अंगावर घेतली की कूस बदलता येत नाही, पण मुलाला तीच लागते.

पुण्या-मुंबईकडं गोधडी म्हणतात, आमच्याकडं वाकळ. लहान बाळाची असली की दुपटं. हल्ली ऑनलाइन सगळे क्विल्ट म्हणतात, तेही बरोबरच आहे, वर तुकडे जोडून केलेली नक्षी, मध्ये ऊब देणारा थर, खाली अस्तर आणि तिन्ही धरून ठेवणारा टाका, हे चारही आपल्या वाकळेत आहेतच. फरक इतकाच की आपल्याकडं मधला थर विकत आणायची पद्धत नाही, तो घरातच असतो.

मी गेली सहा वर्षं दिवाळीला कुणालाही विकतची भेट देत नाही. मिठाईचा बॉक्स नाही, ड्रायफ्रूटचा नाही, ते चकचकीत कागदातले काचेचे बाऊल तर नाहीच नाही. जे द्यायचं ते हाताने शिवलेलं आणि त्यातही माझा एक नियम आहे, ज्याला द्यायचं त्याच्याच घरच्या कापडातनं शिवायचं. म्हणजे भाऊबीजेला भावाकडं द्यायचं असेल तर गणपतीतच वहिनीला फोन करायचा, "वहिनी, टाकायचं असंल ते कापड टाकू नका, मला द्या." पहिल्यांदा वहिनीला ते विचित्र वाटलं होतं, जुनं कापड कुणाला द्यायचं म्हणजे कमीपणा वाटतो ना माणसाला. आता तीच वर्षभर पिशवी भरून ठेवते.

हा नियम कुठनं आला ते सांगते. 2019 चा महापूर. ऑगस्टमध्ये पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आणि पाणी गेलं 55 च्या वर. आमची मावससासू चिखलीला असते, प्रयाग चिखली, नदीकाठीच. त्यांना बोटीतनं बाहेर काढलं, अंगावरच्या लुगड्यानिशी. पाणी उतरल्यावर आम्ही घर साफ करायला गेलो तेव्हा आत गुडघाभर चिखल आणि त्यात लोखंडी ट्रंक उताणी पडलेली. ट्रंकेत मावशींची सगळी लुगडी. इरकली होती पाच-सहा, लग्नातला शालू, नातवांची बारशाची झबली, एकाला एक चिकटून चिखलाची वीटच झाली होती. घरातले म्हणाले टाकून द्या. मावशी काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या ट्रंकेजवळ बसून राहिल्या.

मी ती सगळी वीट पोत्यात घालून घरी आणली. पहिले तर साबण लावायचाच नाही, हे मला सासूबाईंनी शिकवलं. साबण लावला की माती धाग्यात बसते. आधी नुसत्या गार पाण्यात बुडवायचं, हलवायचं, पाणी फेकायचं, परत बुडवायचं, पाणी निवळ येईपर्यंत. सात-आठ पाणी तर सहज झाली असतील, बाथरूमची जाळी तुंबली, परत साफ केली. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून रात्रभर, मग साबण, मग कडक ऊन, आणि त्या वर्षी ऊन मिळेना, एक दिवस वाळायचं आणि दुसऱ्या दिवशी परत ढग. तरी वास जायला पंधरा दिवस लागले. शालू गेला, जर काळी पडली आणि रेशीम हातात घेतलं की फाटत होतं. इरकलचे पदर रेशमाचे, तेही गेले. पण अंगाचं सुती कापड टिकलं. सुतानं काय सोसलंय ते मी त्या वेळी बघितलं.

टिकलेल्या भागाचे तुकडे केले, झबल्यांचे पण, आणि दिवाळीच्या आत एक वाकळ शिवली. पाडव्याला नेऊन दिली. मावशींनी ती अंथरली आणि एकेका तुकड्यावर हात ठेवून सांगत गेल्या, हे थोरलीच्या डोहाळजेवणाचं, हे पंढरपूरला घेतलेलं, हे आईनं दिलेलं. त्यांच्या घरात तेव्हा सगळं नवीन होतं, भांडी नवीन, गाद्या नवीन, लोकांनी दिलेली ब्लँकेटं नवीन. जुनं असं ते एवढंच. तेव्हापासून मी नियम केला.

आता जरा कामाचं बोलूया, कारण मला दर वर्षी या दिवसात मैत्रिणी विचारतात, सुरुवात कशी करायची, काय काय लागतं.

पहिलं म्हणजे कापड ओळखणं. वाकळेला सुतीच पाहिजे. हल्लीच्या साड्यांत आणि ड्रेस मटेरियलमध्ये मिक्स इतकं असतंय की हाताला कळत नाही, म्हणून मी कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवते. सुताचा धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचाच, आणि मागं मऊ राख राहते, बोटावर चोळली की उडून जाते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा टणक काळा मणी होतो. मणी झाला की ते कापड वाकळेला नाही, त्याच्या पिशव्या करायच्या. त्यातही लहान बाळासाठी असेल तर मी मधल्या थराला बाजारातला फोमसारखा कापूसपण वापरत नाही, जुनी दोन सुती पातळं घालते. आपल्या हवेला एवढी ऊब पुरते आणि धुतली की दोन उन्हात खडखडीत वाळते.

दुसरं, रंग जातोय का. हे मी फार वाईट रीतीनं शिकले. झालं काय, आमच्या भाच्याचं लग्न झालं, आणि तुम्हाला माहितीच आहे, कोल्हापुरातलं लग्न म्हणजे फेटे. वऱ्हाडातल्या बाप्यांना तर बांधायचेच, आता करवल्यांनापण बांधतात आणि छान दिसतात. लग्न झालं की ते सगळे फेटे घडी करून कपाटात. एक फेटा म्हणजे आठ-नऊ मीटर कापड! नणंदेकडं असे अकरा पडून होते, लाल, भगवे, बांधणीचे, एक गर्द हिरवा. मी म्हटलं यांची वाकळ करते आणि भाच्याच्या दिवाळसणाला देते. काय सुंदर झाली होती ती, मधे मामंजींच्या धोतराच्या पांढऱ्या पट्ट्या आणि चारी बाजूंनी ते लग्नाचे रंग. भाचेसुनेला इतकी आवडली की फोटो काढून तिनं सगळ्यांना पाठवले.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला, मामी, धुतली आणि पांढरं सगळं गुलाबी झालं. ती बिचारी स्वतःची चूक समजून रडवेली झाली होती. चूक माझी होती, मी फेटे नुसते खंगाळून वापरले होते. मी तिला लगेच सांगितलं वाळू देऊ नको, ओली आहे तोवर गार पाण्यात बुडवून ठेव, पाणी बदलत राहा. बराचसा गेला, पण धोतराच्या पट्ट्यांवर ती गुलाबी झाक कायमची राहिली. मामंजींचं धोतर होतं, ते गेल्यावर जपून ठेवलेलं शेवटचं. मला त्या दिवाळीत झोप लागली नाही नीट.

तेव्हापासून कुठलंही कापड आलं, अगदी वीतभर तुकडा का असेना, आधी कोमट पाण्यात रात्रभर वेगळं भिजवायचं. सकाळी पाणी रंगीत दिसलं तर परत. पाणी स्वच्छ राहिलं की मग ओला पांढरा रुमाल त्याच्यावर दाबून घासायचा, रुमालाला रंग लागला तर ते कापड पांढऱ्याच्या शेजारी लावायचं नाही, गडद रंगांच्याच सोबत ठेवायचं. मीठ, तुरटी, व्हिनेगर असं बरंच सांगतात लोक, मी सगळं करून बघितलंय, मला तरी पाण्यात भिजवून रंग निघून जाऊ देणं हेच खरं वाटतं. भिजवल्यानं दुसरं एक काम होतं, कापड जे काय आटायचं ते आधीच आटतं, नाहीतर वाकळ धुतल्यावर एक तुकडा आटला, शेजारचा नाही आटला, की सगळ्या पृष्ठभागभर चुण्या.

फेट्याचं कापड अजून एका बाबतीत त्रास देतं, ते मलमलीसारखं विरळ असतं आणि कात्री लावली की सरकतं, चौकोन कापायला जावं तर शंकरपाळी होते. त्याला उपाय पेजेचा. भाताची पेज पातळ करून त्यात फेटा बुडवायचा, वाळवायचा, इस्त्री मारायची, कागदासारखा कडक होतो. मग खाली इचलकरंजीचं साधं पांढरं केंब्रिक, म्हणजे घट्ट विणीचं सुती कापड, जोडून दोन्ही मिळून कापायचे. केंब्रिक मी गांधीनगरला होलसेलमध्ये एकदम घेते, ताग्यातला कट पीस स्वस्त पडतो. अस्तरालाही तेच.

तिसरं, हिशोब. मैत्रिणी इथंच अडकतात, म्हणून बाळाच्या वाकळेचा देते. 5 इंचाचा चौकोन कापायचा. शिवताना चारी बाजूंनी पाव इंच आत जातं, म्हणजे शिवून झाल्यावर उरतो साडेचार. आडवे 8 आणि उभे 10 चौकोन घेतले की होते 36 बाय 45 इंच, बाळाला दोन-तीन वर्षं आरामात पुरते. चौकोन लागतात 80. तो पाव इंच मात्र प्रत्येक वेळी पाव इंचच पाहिजे. एका शिलाईला दोऱ्याएवढी चूक झाली तर दहा चौकोनांनंतर कोपरे अर्धा इंच सरकलेले असतात. मी मशीनच्या पट्टीवर सुईपासून पाव इंचावर रंगीत टेप चिकटवून ठेवलीय, नजर टेपवर ठेवायची, सुईवर नाही.

जोडणी मशीनवर करा, बिनधास्त करा, त्यात काही कमीपणा नाही. पण तिन्ही थर एकत्र धरणारा टाका मी हातानंच घालते, साधा धावदोरा, दुहेरी सुती दोरा, मेणावरनं एकदा ओढून घेतलेला म्हणजे गुंता होत नाही. आधी खोलीतलं सगळं हलवायचं, फरशी पुसायची, अस्तर उलटं अंथरायचं, वर मधले थर, वर तुकड्यांचं तोंड सुलटं, आणि चार कोपऱ्यांवर वजन, एकावर पाटा, एकावर वरवंटा, उरलेल्यांवर पाण्यानं भरलेले तांबे. हातानं मधनं बाहेर सपाट करत जायचं. मग लांब लांब कच्चे टाके. पक्का टाका कडेपासनं सुरू करायचा, चारी बाजू फिरून परत आत, परत फिरून अजून आत, असं करत करत मधे यायचं. सासूबाई म्हणतात बाईनं वाकळीवर बसूनच शिवायची असते, आणि खरंच ते शास्त्र आहे, आपल्या वजनानं थर हलत नाहीत. त्यांचं वय आता 78, सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून मी सकाळी कामं आवरायच्या आधी दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवते, दुपारपर्यंत दहाही रिकाम्या होतात. अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून बोटावर घालायची टोपी, त्या घालत नाहीत. त्यांच्या मधल्या बोटाच्या टोकाला एक घट्टा आहे, तोच त्यांचं अंगुस्तान, सुईचं मागचं टोक त्या घट्ट्यावर बरोबर बसतं, ढकललं की टक्क आवाज येतो आणि चार टाके एकदम सुईवर गोळा होतात. मी त्यांच्याशेजारी बसून वीस वर्षं शिवतेय, माझे टाके अजून त्यांच्याएवढे बारीक आणि सारखे येत नाहीत.

लेकीनं मागं अमेरिकेतल्या वाकळांचे फोटो दाखवले आम्हाला. अलाबामा राज्यात गीज बेंड म्हणून गाव आहे, तिथल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यानपिढ्या शेतात घालून फाटलेल्या कपड्यांच्या वाकळा शिवतात. 2002 मध्ये त्यांचं प्रदर्शन मोठ्या म्युझियममध्ये लागलं आणि 2006 मध्ये तिथल्या पोस्टानं त्यांची तिकिटं काढली. त्यातल्या एका प्रकाराला ते हाउसटॉप म्हणतात, मधे एक चौकोन आणि त्याच्याभोवती पट्ट्या फिरवत फिरवत बाहेर जायचं. सासूबाईंनी फोन डोळ्याजवळ धरून बघितलं, बोटानं मोठं करून, आणि म्हणाल्या, "ही विजारीच्या गुडघ्याची जागा हाय बघ, तेवढीच गडद राहिलीया, ठिगळ हुतं तिथं." आणि होतंच तसं, जिथं खिसा किंवा ठिगळ उसवून काढलंय तिथं कापडाचा मूळ रंग तसाच होता. कुठलं अलाबामा आणि कुठली आमची मंगळवार पेठ, पण बघताक्षणी त्यांना कळलं ते काय आहे. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

वाकळ सगळ्यांना देणं काही शक्य नसतं, एका मोठ्या वाकळेला आम्हा दोघींना महिना-दीड महिना जातो. त्यामुळे वर्षाला दोन, फार तर तीन. बाकीच्यांना लहान वस्तू. आणि लहान वस्तूंसाठी कापडाची खाण प्रत्येक मराठी घरात आहे, ओटीतले ब्लाउजपीस! हे तुमच्याकडे पण असणारच, कपाटात तो गठ्ठा, कुणी आलं की त्यातला एक द्यायचा आणि कुणाकडं गेलं की एक येतो, काही तर असे आहेत की चार घरं फिरून परत आपल्याकडं आलेत. मी ते फिरणं माझ्यापुरतं थांबवलं. सुती असतील त्याच्या पोळ्यांच्या डब्यातल्या गोल घड्या करते, दोन थर आणि मधे जुना टॉवेल, पोळीची वाफ टॉवेल शोषून घेतो आणि खालची पोळी ओली होत नाही. चकाकणारे, मणी होणारे असतात त्याचे नाडीचे बटवे. खणाचे असतील तर ते मी कापायला फार विचार करते, गुळेदगुड्डचा हातमागाचा खण असेल तर तो अख्खाच कशाला तरी वापरावा, तोरणाला किंवा देवाखालच्या आसनाला, त्याचे दोन-दोन इंचाचे तुकडे करणं मला पटत नाही.

यंदा कोपऱ्यावरच्या टेलरकाकांनी कातरणाची दोन पोती दिली. आधी ते कचरागाडीत टाकायचे. त्यातनं सुती वेगळं काढलं आणि गरम कढई धरायची फडकी केली, पन्नासेक झाली असतील, त्यातली पहिली चार टेलरकाकूंना. फक्त यात एक लक्षात ठेवा, धरायच्या फडक्यात पॉलिस्टरचा एकसुद्धा तुकडा येता कामा नये, कढईला चिकटतं आणि हात भाजतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण बाजारात जी रंगीबेरंगी येतात त्यातली बरीच तशीच असतात.

फ्रीजचं कव्हर, टीव्हीचं कव्हर, मिक्सरचा फ्रॉक, हे मी शिवत नाही. कुणी मागितलं तरी नाही. माणसाच्या हातात, अंगाखाली, अंगावर जे जातं तेच शिवायचं.

वाकळा करून विकायला का ठेवत नाही असं बऱ्याच जणी विचारतात. ज्या विकतात त्यांचं मला कौतुक आहे, बचत गटातल्या कितीतरी बायकांचं घर त्याच्यावर चालतं. पण प्रदर्शनात वाकळ हातात घेऊन "एवढी? जुन्या कापडाची?" असं म्हणणाऱ्या बायका बघितल्या की माझ्या पोटात कालवतं. महिनाभर मान मोडून घातलेले टाके असतात ते. तुम्ही घेणार असाल तर यंदाच्या दिवाळीत कृपा करून घासाघीस करू नका, एवढंच मागणं आहे.

आता यंदाचं. पुतणीला श्रावणात मुलगी झाली, दिवाळीच्या आधी बारसं आहे, तिच्यासाठी 36 बाय 45 ची चाललीय. नियमाप्रमाणे कापड तिच्याच माणसांचं. पुतणीच्या शाळेच्या युनिफॉर्मचा निळा-पांढरा चौकडा आहे, जाऊबाईंची दोन सुती पातळं, जावईबापूंचे कॉलेजातले शर्ट, आजोबांच्या लेंग्याचं पांढरं, पुतणीला सातव्या महिन्यात नेसवलेल्या हिरव्या साडीचा काठ. आमच्या सासूबाईंचं, म्हणजे बाळाच्या पणजीचं, एक इरकल आहे, ते त्यांनी स्वतः कात्री घेऊन कापलं, मला हात लावू दिला नाही. मांडणी फरशीवर करून झालीय, कुठला तुकडा कुठं त्याचा फोटो काढून ठेवलाय, ओळीओळीनं शिवणं चालू आहे.

79 चौकोन झालेत. एक जागा मोकळी आहे, वरनं तिसऱ्या ओळीत, डावीकडनं पाचवी. ती बाळाच्या दुसऱ्या आजीची, गडहिंग्लजच्या. त्या पहिल्यांदा संकोचल्या, म्हणाल्या माझं काय देण्यासारखं नाही ओ, सगळी धुऊन धुऊन विटलेली लुगडी. मी म्हटलं विटलेलंच पाहिजे, बाळाच्या अंगाला तेच मऊ लागतं. काल त्यांचा फोन आला, एक पोलकं मिळालंय, त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणातलं, जांभळं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं, चालंल का विचारत होत्या. एसटीनं पाठवलंय, ओळखीच्या कंडक्टरकडं, उद्या सकाळी नऊच्या सुमाराला मध्यवर्ती स्टँडवर येईल. आणलं की आधी कोमट पाण्यात भिजवायचं, रात्रभर.